फीडरवरचा टॉवेल

गाळप मार्चअखेर आटोपले, बगॅसचा डोंगर अक्षय्यतृतीयेपर्यंत जळून माळाशी सपाट झाला आणि हिरेवाडीच्या रस्त्याला कोळशाचे डंपर लागले. हा क्रम दरसालचा. ऊस असेतो कारखाना उसाचा चोथा जाळून वीज करी. ऊस संपला म्हणजे बंदरावरून घाट चढून आलेला दगडी कोळसा जाळी. धूर दोन्ही वेळी एकाच चिमणीतून निघे, पण हिरेवाडीच्या बायका डोळे मिटूनही ऋतू सांगत. थंडीत वाळवणावर पडणारी काजळी हलकी, बोटाने पुसली की जाणारी; वैशाखात पडणारी मात्र कणीदार, दाताखाली करकरणारी.

बाळाप्पा हा राखेचा माणूस. बॉयलरच्या पोटाखाली, जिथे जळून उरलेले सारे लोखंडी पट्ट्यावर येऊन पडते, तिथे त्याने सत्तावीस वर्षांच्या नोकरीतली बहुतेक वर्षे काढली होती. सकाळी अंघोळीनंतर कपाळावर विभूतीच्या तीन रेघा ओढून तो घराबाहेर पडे, आणि दुपारी परते तेव्हा विभूती कुठली आणि कारखान्याची राख कुठली हे सांगता येत नसे. त्याचा एकुलता मुलगा मल्लेश तिथेच, वर, कोळशाच्या बंकरवर, त्या खोल लोखंडी कोठीवर होता. बाप खाली राखेत, मुलगा वर कोळशात आणि मध्ये चार मजल्यांची आग.

त्या वर्षी वळवाने ताळ सोडला. लागोपाठ चार दुपारी तो आला. कोळशाच्या अंगणावरचे पत्रे आदल्या वर्षीच्या वावटळीत उडाले होते आणि ते घालायचे कागद अजून कार्यालयातच फिरत होते. ओला कोळसा कणकेसारखा असतो. तो बंकरच्या उतरत्या भिंतींना चिकटून बसतो. मधला तेवढा खाली जातो, विहिरीसारखे भोक पडते आणि कडेचा कोळसा दरड होऊन उभा राहतो. मग आग उपाशी पडते, वाफ उतरते, वीज घटते आणि वरच्या साहेबांचे फोन सुरू होतात. वैशाखातली दुपार असते; सगळ्या मुलखाचे पंखे चालू असतात. तेव्हा कुणीतरी पहार घेऊन बंकरमध्ये उतरायचे आणि ती दरड पाडायची.

माणूस आत असताना खालचा फीडर, बंकरमधला कोळसा आगीत ढकलणारे यंत्र, सुरू होऊ नये म्हणून कंपनीने कुलपे दिली होती. ती फोरमनच्या ड्रॉवरमध्ये होती. कमरेचे पट्टेही दिले होते. ते कपाटात होते आणि कपाटाची चावी शिफ्ट बदलली की घरी जाई. म्हणून कामगारांनी आपला नियम केला होता. आत उतरणाऱ्याने आपला टॉवेल फीडरच्या स्विचच्या दांड्याला बांधायचा. टॉवेल आहे तोवर हात लावायचा नाही. हा नियम बाळाप्पाने स्वतः, फीडरवर असताना, बावीस वर्षांपूर्वी घातला होता आणि तेव्हापासून तो एकदाही चुकला नव्हता. कागदावरचे नियम कितीतरी वेळा चुकले होते.

बुधवारी दुपारी अडीच वाजता दुसऱ्या पाळीला आलेला मल्लेश राखेच्या पट्ट्यापाशी आला. हातात डबा, खांद्यावर टॉवेल.

"अप्पा, बंकर परत धरलंय म्हनं."

"धरंलच की. चिखल जाळायलाय आपन." बाळाप्पाने फावडे टेकले. "साहेबाचं सांगनं आल्याबिगर उतरू नगंस. आनि टॉवेल बांध."

"आता तुम्ही मला टॉवेल शिकवा." मल्लेश हसला. "लगीन झाल्यापास्नं दोनच गोष्टी शिकवायलाय तुम्ही. टॉवेल बांध आनि बायकोसंगं वाद घालू नगंस."

"दुसरी अजून कुटं शिकलास?"

मल्लेश शिडी चढून गेला. त्याच्या पायात कंपनीचे नवे बूट होते, पुढे पोलादी टोपण असलेले. पायरीपायरीवर खणखण वाजत गेले.

पावणेतीनला बाळाप्पाचे काम संपले. राखेपाशी नळ नव्हता. म्हणून तो रोजच्याप्रमाणे फीडरच्या मजल्यावर चढला. तिथल्या नळावर त्याने साबणाने तोंड धुतले, मान, कान, भुवया धुतल्या, आणि डोळ्यांत फेस असतानाच उजवा हात मागे नेला. गेली कित्येक वर्षे त्या जागी, फीडरच्या दांड्याशेजारच्या खिळ्याला, तो आपला टॉवेल अडकवत आला होता. हाताला टॉवेल लागला. गाठ सैल होती, की त्याच्या ओढीनेच सुटली, हे त्याला पुढे आयुष्यभर ठरवता आले नाही. त्याने तोंड पुसले, टॉवेल खांद्यावर टाकला, पिशवी उचलली आणि तो खाली उतरला.

घरी बसव्वा, त्याची बायको, सोप्यात शेंगा फोडत बसली होती.

"कैऱ्या आनल्यात," तो म्हणाला. कारखान्याच्या कुंपणातल्या झाडाच्या कैऱ्या त्याने सकाळीच पाडून ठेवल्या होत्या. त्याने पिशवी उपडी केली. आतून गाठोडे पडले, सुटले आणि कैऱ्या सोपाभर घरंगळल्या.

गाठोडे टॉवेलाचे होते. पांढरा, काठाला लाल आणि हिरवी पट्टी. आपला टॉवेल त्याने सकाळी कैऱ्यांना बांधला होता.

मग खांद्यावर होता तो?

तोही पांढराच, काठाला लाल आणि हिरवी पट्टी. तीन वर्षांपूर्वी मल्लेशच्या लग्नात आहेर करायला बाळाप्पाने असले टॉवेल गठ्ठ्याने आणले होते. भावकीला, शेजाऱ्यांना, बॉयलरवरच्या सगळ्या माणसांना टॉवेल-टोपी दिली होती. अर्धा कारखाना त्याच टॉवेलाने घाम पुसत होता. बाळाप्पाने खांद्यावरचा टॉवेल नाकाशी नेला. त्याला राखेचा वास नव्हता. कोळशाचा होता.

"काय ओ?" बसव्वा म्हणाली. "असं का बगायलाय?"

तो दारापर्यंत पोचला होता तेव्हा भोंगा झाला. पाळीचा नव्हे, पाळीचा आखूड असतो.

*

बंकरच्या तळाचा पत्रा गॅसने कापून मल्लेशला बाहेर काढायला दोन तास लागले. फीडर चालू करणारा आकाराम हा बाळाप्पाच्याच वयाचा, शेजारच्या गल्लीतला. तो दोन्ही हातांनी कोळसा उपसत होता. नखे उलटली तरी त्याला कुणी बाजूला करू शकले नाही. "टॉवेल नव्हता," एवढेच तो म्हणत होता. "आईशपथ टॉवेल नव्हता. म्या हाळी बी दिलती. टॉवेल नव्हता रं." या दोन तासांत बॉयलर थांबला नव्हता. दुसऱ्या बंकरवर तो चालूच होता. डोक्यावरचे दिवे जळत होते आणि त्यांच्या उजेडातच मल्लेशला खाली घेतले.

एका पायात बूट होता. दुसऱ्या पायातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याला शेताच्या बांधाला, लिंगायतांच्या रीतीप्रमाणे, मांडी घालून खड्ड्यात बसवले. अंगाला पाणी घालताना बसव्वाने चार बादल्या संपवल्या, पण पापण्यांच्या मुळातला, कानाच्या पाळीतला कोळसा निघाला नाही. मठातल्या स्वामींनी त्याच्या कपाळावर विभूतीचा जाड पट्टा ओढला. पांढऱ्याखालून काळे दिसत राहिले. खड्ड्यात बेलपाने, मीठ, विभूती पडत गेली आणि बाळाप्पाला वाटले, आता कुणीतरी विचारील. कुणीही विचारले नाही. सगळे आकारामला शिव्या देत होते.

"डोळं फुटलं हुतं काय त्याचं?"

"दारू प्यायला असंल."

"पीत न्हाई त्यो."

"मग झोपंत असंल!"

बाळाप्पाने त्या वेळी तोंड उघडले असते तर? असे विचारणे सोपे आहे. माणूस गुन्हा लपवतो तेव्हा तो आधी ठरवून लपवतो, अशी आपली समजूत असते. तसे होतेच असे नाही. पहिल्या तासात बोलण्याजोगा श्वास नसतो, पहिल्या दिवशी ऐकणारे कान नसतात, आणि मग न बोललेल्या गोष्टीवर दिवसांचा असा थर बसत जातो की ती उकरायला पहार लागते. मल्लेशचा टॉवेल त्याने गोठ्यात आढ्याच्या वाशात कोंबून ठेवला होता. पहाटे धार काढायला गेला की तो हात वर नेऊन टॉवेल आहे का पाही. म्हैस मान वळवून त्याच्याकडे बघत राही.

नवव्या दिवशी तो पुन्हा कामावर गेला. घरात बसणे त्याहून अवघड होते. घरात पंखा होता. पंखा सुरू झाला की आधी एक घुर्रकन आवाज येई, मग तो वेग घेई. फीडरही नेमका असाच सुरू होतो. आणि बूट सापडला नव्हता. तो कोळशाबरोबर फीडरमधून गेला होता, हे राखेवरच्या माणसाला कुणी सांगायला नको होते. चामडे जळले असणार, त्याची वाफ झाली असणार, वाफेने चाक फिरले असणार आणि तारेतून ते बाहेर गेले असणार. कुठे गेले? कोल्हापुरात मंगळवार पेठेत कुणाच्या तरी छताला पंखा फिरला असेल. आजऱ्याला काजू भाजायच्या एखाद्या शेडमध्ये दिवा लागला असेल. कदाचित इथेच. सोप्यातला दिवा लागला की बाळाप्पा मान खाली घाली.

"मामा, बल्ब डोळ्यावर येतोय काय?" विद्याश्रीने एकदा विचारले. ती मल्लेशची बायको, निपाणीकडची, बी.ए. झालेली, मोजके बोलणारी. "दुसऱ्या बाजूला लावू?"

"नगं, बाई."

"जेवा मग. अत्तीनं लोणचं वाढलंय." सासूला, बसव्वाला, ती अत्ती म्हणे.

ताटात त्या कैऱ्या होत्या. घरंगळलेल्या कैऱ्या शेजारणीने गोळा करून ठेवल्या होत्या आणि आठवड्याने बसव्वाने, टाकवत नाही म्हणून, त्यांना मीठ लावले होते. बाळाप्पा फोड बोटाने ताटाच्या कडेला सरकवी. बसव्वा बघे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढी.

*

दहाव्या दिवशी आकारामची बायको शालूबाई आली. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. पायरीवर बसली, पदर तोंडाला लावून.

"बसव्वाक्का, वटी पसरते," ती म्हणाली. "त्येनी मुद्दाम केलं न्हाई वं. पोराला खांद्यावर खेळवलंय त्येनी."

बसव्वाने शेंगा फोडायचे थांबवले नाही. "माज्या पोराला आता कोन खेळवतंय, ते सांग."

"पोलिसांनी दोन दिस आत ठिवलं. आता चौकशी हाय. साहेब म्हनतोय, सगळं यांच्या अंगावर हाय. जेल हुईल म्हनत्यात." शालूबाई बाळाप्पाकडे वळली. "दादा, तुमी सांगा. तुमीच टॉवेल बांदायला शिकवलंसा की त्येस्नी. बावीस वर्सं तुमच्यासंगं हुतं. कदी चुकलं काय? मल्लेशच बिनटॉवेलाचा आत गेला असंल का न्हाई, तुमीच सांगा!"

हे ऐकून विद्याश्री आतून बाहेर आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण काठावर होता. "म्हणजे चूक त्यांचीच? मेलेल्या माणसाची? त्यांनी टॉवेल बांधला नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं न्हवं, बाळ..."

"मग कसं? बांधला असेल तर तुमच्या नवऱ्याला दिसला नाही. बांधला नसेल तर माझा नवरा मूर्ख. तिसरं काय आहे?"

तिसरे गोठ्यात, वाशात होते. बाळाप्पा खांबाला पाठ लावून बसला होता. त्याच्या जिभेवर राखेची चव आली आणि ती तशीच राहिली.

शालूबाई उठली. जाताना तिने पायरीवर ठेवलेली पिशवी तशीच सोडली. आत चार अंडी होती. या घरात अंडी चालत नाहीत हे ती दुःखात विसरली होती. बसव्वाने पिशवी चिमट्याने उचलावी तशी उचलली आणि परड्याच्या बाहेर ठेवली.

त्याच संध्याकाळी नृसिंह साहेब मोटारीतून आले. वीजघराचे ते मुख्य. सभ्य माणूस, चपला बाहेर काढून आत बसले. चहा घेतला. म्हणाले, "बाळाप्पा, सोमवारी कोल्हापूरहून तपासणीच्या मॅडम येतायत. तुम्हाला बोलावतील. तुम्ही त्या वेळी घरी होतात, तुम्ही काही पाहिलं नाही, एवढंच सांगा. तेच खरं आहे, नाही का?"

"व्हय, साहेब."

"विद्याश्रीच्या नोकरीची ऑर्डर तयार आहे. टाइम ऑफिसला, कायम. आता फक्त हा विषय मार्गी लागू दे. एका माणसाची चूक आहे, ती एका माणसापाशीच राहू दे. तिला चार फाटे फुटले तर वरून सगळंच थांबेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

साहेब गेल्यावर विद्याश्रीने कप उचलले. "मामा, नोकरी लागली तर मी इथंच राहीन," ती म्हणाली. "नाहीतर माझा भाऊ न्यायला येतो म्हणतोय. मला जायचं नाही. हे बांधाला बसलेत आणि मी तिकडं जाऊन काय करू?"

इतके ती लग्नानंतर कधी एका वेळी बोलली नव्हती.

*

रविवारी राखेचा हॉपर, पट्ट्यावरचे ते मोठे नरसाळे, तुंबला. तो साफ करायचे काम बाळाप्पाचे. त्याने झडप उघडली, लांब आकडी आत घातली आणि कोपऱ्यातला खडा झालेला थर ओढला. खंगर ढासळून पट्ट्यावर आले. त्यात काहीतरी टणकन वाजले.

ते वाकलेल्या वाटीसारखे होते, निळसर-काळे, कडा वितळून आत वळलेल्या. बाळाप्पाने पट्टा थांबवला. उचलले, हातमोज्यातून चटका बसला, तरी टाकले नाही. पाय जिथे शिरतो त्या बाजूला अंगठा घातला. बुटाचे टोपण होते. कंपनी सांगत असे, याच्यावरून गाडी गेली तरी बोट चिरडत नाही; आणि खोटे नव्हते, ते अजून टोपणच होते.

त्याने ते पँटच्या खिशात टाकले. मांडीला भाजत राहिले. तो ते बाहेर काढीना. वरून फीडरचा घुर्र आवाज आला, कोळसा सरकला, आग भरली, आणि खाली त्याने पट्टा पुन्हा चालू केला. त्याला स्पष्ट वाटले की वरून पायरीपायरीने खणखण करीत कुणी उतरते आहे. त्याने वर पाहिले नाही. उतरणारा मागे येऊन थांबला. बोलला असता तर बरे झाले असते. वाट पाहत राहिला. शिफ्ट संपेपर्यंत तो तसाच मागे उभा होता आणि बाळाप्पा पाठमोरा राख ओढत होता.

घरी तो अंघोळ करताना बसव्वाने त्याच्या मांडीवरचा फोड पाहिला. "ह्ये कशानं?"

"ठिणगी."

"ठिणगी वाटीएवढी असती व्हय?" ती म्हणाली, आणि खोबरेल घेऊन आली.

*

चौकशी फीडरच्या मजल्यावरच ठेवली होती. पद्मजा मॅडम चाळिशीच्या, चष्मा घातलेल्या, हातात वही. त्यांनी कुलपे कुठे असतात ते विचारले आणि लिहिले. पट्टे कुठे असतात ते विचारले आणि लिहिले. पत्रे कधी उडाले, हेही. नृसिंह साहेब प्रत्येक उत्तराला आधी खाकरत. आकाराम स्विचपाशी उभा होता. तेरा दिवसांत त्याचे गाल बसले होते. बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. विद्याश्रीला साहेबांनीच मोटार पाठवून आणले होते. ती जिन्याजवळच्या खुर्चीवर बसली होती. ऑर्डर आजच हातात द्यायची असे ठरले होते.

"म्हणजे इथे टॉवेल बांधतात," मॅडम म्हणाल्या. "आकाराम, त्या दिवशी तुम्ही दांडा बघितलात?"

"बघितला, म्याडम. रिकामा हुता."

"तुमच्या आधी इथे कोण आलं होतं?"

"म्या तीनला आलो. आधी कोन, म्हाईत न्हाई."

"तुम्ही?" मॅडमनी बाळाप्पाला विचारले. "तुमची पाळी पावणेतीनला संपली. कुठून बाहेर पडलात?"

साहेब म्हणाले, "मॅडम, ते खाली राखेवर असतात. ते घरी गेले होते. त्यांचा तर मुलगा..."

"मी त्यांना विचारलंय."

बाळाप्पाच्या हातात सकाळची पिशवी होती. त्यातून त्याने टॉवेल काढला. घडी उलगडताना कोळशाची पूड खाली सांडली. त्याने तो दांड्याला लावला, गाठ मारली, सैल. मग नळाकडे गेला. कोरड्या हातांनी तोंड धुतल्यासारखे केले, डोळे मिटले, आणि उजवा हात मागे नेला. हात न चाचपडता नेमका गेला. टॉवेल सुटून आला.

खालून टर्बाइनचा आवाज येत होता.

"माजा कैऱ्यांला बांदला हुता," तो डोळे न उघडता म्हणाला. "आकारामनं बगितला तवा टॉवेल न्हवता. म्या न्हेलता."

आकाराम खाली बसला. चिंध्या बांधलेले दोन्ही हात डोक्यावर घेऊन तो म्हणाला, "बाळाप्पा, तेरा दिस रं. तेरा दिस मी म्हनत हुतो, माजंच डोळं फुटलं असतील." पुढे त्याला शिवी द्यायची असावी. ती आली नाही.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "हे मी लिहिणार आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या आधी कुलूप आणि पट्टा लिहिणार आहे. एका टॉवेलावर माणसाचा जीव टांगायचा हे तुम्ही ठरवलेलं नाही."

"आमीच ठरवलं, म्याडम," बाळाप्पा म्हणाला. "म्याच."

साहेबांनी हातातला ऑर्डरचा लिफाफा खिशात परत घातला. फार सावकाश घातला, कुणाला दिसू नये असा. आणि म्हणूनच तो सगळ्यांना दिसला. विद्याश्री जिना उतरू लागली होती.

तिने मोटार घेतली नाही. दीड कोसाची वाट ती उन्हात पुढे चालत होती आणि बाळाप्पा मागे. तो जवळ आला की तिची चाल वाढे. शेताच्या बांधापाशी ती थांबली. मातीचा चौथरा अजून ओबडधोबड होता. वळवाने त्याचा एक कोपरा खचला होता. बाळाप्पाने खिशातून ते टोपण काढले आणि तिच्यापुढे धरले. तिने ते ओळखायला वेळ लावला नाही. घेतले, आत बोट फिरवले, चौथऱ्याच्या खचल्या कोपऱ्यात ठेवले आणि वरून हाताने माती दाबली. मग हात पुढे केला.

"टॉवेल द्या."

त्याने दिला.

घरी बसव्वाला तिनेच सांगितले, चार शब्दांत. बसव्वा पाटावर बसली होती. लोणच्याची बरणी फडताळातून काढून तिने परड्यात नेली आणि झाडाच्या बुंध्याशी खळगा करून पालथी केली. परत आली तेव्हा नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "मला सांगायचंस की. त्या दिवशीच. तू आनि मी मिळून मेलो असतो."

दुपारनंतर आभाळ भरून आले. चारच्या सुमाराला वळीव आला, पत्र्यावर वाजला, गेला, आणि त्याच्यामागोमाग वीज गेली. बाळाप्पा सोप्यात अंधारत्या उजेडात बसून राहिला. कोळसा पुन्हा भिजला असणार. बंकरने पुन्हा धरले असणार. कोण उतरले असेल? कुलूप निघाले असेल का ड्रॉवरमधून? तो मोजत होता: पहार, दरड, हाळी. दिवेलागणीला समोरच्या घरात दिवा लागला. मग त्याच्या शेजारी, मग मठात, मग सगळ्या गल्लीत. कुठेतरी पंखे घुर्र करून सुरू झाले. पोरांनी रोजच्यासारखा ओरडा केला. आकारामच्या घरातही उजेड आला.

बाळाप्पाच्या घरात आला नाही.

"आपलंच कसं आलं न्हाई?" त्याने स्वतःशीच म्हटले आणि तो उठला. दाराच्या आत, मीटरखाली, मुख्य स्विचचा दांडा खाली ओढलेला होता. त्याला पांढरा टॉवेल बांधला होता, काठाला लाल आणि हिरवी पट्टी. गाठ घट्ट होती, दुहेरी.

विद्याश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चिमणी होती, काच पुसलेली, वात वर केलेली.

"सोडू नका," ती म्हणाली. "हे अजून आतच आहेत. आत माणूस असला की हात लावायचा नाही. तुमचाच नियम आहे, मामा."

त्याने वर गेलेला हात खाली घेतला. बसव्वाने काडी ओढली. चिमणीच्या उजेडात तिघे जेवायला बसले, तीन ताटे होती, आणि विद्याश्रीने चौथा पाट मांडला नाही, पण तेवढी जागा सोडली.